मोल, वेठ आणि राजीनामा

'पगारी गुलामगिरी' हा शब्दप्रयोग मराठी वैचारिक लेखनात आता इतका रुळला आहे की, तो मुळात एक सिद्धान्त आहे आणि सिद्धान्ताला पुरावा लागतो, याचाच विसर पडावा. जो मनुष्य पैशासाठी दुसऱ्याचे काम करतो तो त्या वेळेपुरता का होईना परतंत्र असतो, हा विचार फार जुना आहे. उलटपक्षी, ज्याने आपखुशीने करार केला व ज्याला तो मोडता येतो त्यास परतंत्र का म्हणावे, हा विचारही तितकाच प्रतिष्ठित आहे. हा वाद आपल्याकडे बहुधा युरोपीय ग्रंथांच्या आधाराने आणि युरोपीय उदाहरणे घेऊन मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो मराठीतील काही शब्द व महाराष्ट्रातील काही घटना यांच्या कसोटीवर पारखून पाहण्याचे योजिले आहे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे, हे भाषेच्या अभ्यासकाला कोणी सांगावयास नको. परंतु एखाद्या समाजाने कोणते भेद शब्दांत जपले आणि कोणते पुसून टाकले, हे पाहू गेल्यास तत्त्वज्ञांच्या नजरेतून निसटलेले पुष्कळसे हाती लागते.

पाश्चात्त्य परंपरेचा गोषवारा थोडक्यात देता येईल. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्राच्या पहिल्या खंडात कारागिराची स्थिती ही एक प्रकारच्या मर्यादित दास्याची स्थिती मानली. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात, ज्यांच्या कौशल्याला नव्हे तर केवळ श्रमाला दाम मिळतो त्यांची मजुरी हीच त्यांच्या दास्याचा विसार ठरविली. येथे 'विसार' हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. सिसेरोच्या मूळ लॅटिन शब्दाचा वापर आखाड्यात लढणारा मल्ल स्वतःला बांधून घेताना जे द्रव्य घेई त्यासाठी होत असे, आणि त्याचे महत्त्व पुढे दिसून येईल. लॉकच्या १६८९ च्या ग्रंथात स्वतंत्र मनुष्य ठरावीक मुदतीपुरती आपली सेवा विकून चाकर होतो. मात्र त्या चाकराने कापून काढलेली हिरवळ धन्याच्या मालकीची होते, हे लॉक अगदी सहजगत्या सांगून जातो. श्रमाचा काही काळ विकणे आणि सारा काळ विकणे यांत हेगेलने १८२१ मध्ये मूलगामी भेद केला, कारण सारा काळ विकला म्हणजे व्यक्तित्वच परक्याचे होते. मार्क्सने १८६७ मध्ये कामगाराला दुहेरी अर्थाने मुक्त म्हटले: श्रमशक्ती विकण्यास तो मुक्त आहे आणि विकण्यासारख्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूपासूनही तो मुक्त आहे.

या सर्वांत मतभेद पुष्कळ असले तरी प्रश्न एकच आहे: माझा वेळ कोणाच्या मालकीचा? ॲरिस्टॉटलचा 'निसर्गतः दास' बाजूला ठेवला, तर काम कोणते आहे आणि ते नेमके याच मनुष्याच्या वाट्याला कसे आले, हा प्रश्न येथे जवळजवळ उपस्थितच होत नाही. आपल्याकडे तो सर्वांत आधी उपस्थित होतो.

आता शब्दांकडे वळू. पैशासाठी करावयाच्या कामाचे आपले नित्याचे शब्द पाहिले तर ते बहुतेक परके आहेत. 'मजूर' आणि 'चाकर' फारसीतून आले, 'पगार' पोर्तुगिजांकडून आला. 'नोकर' हा शब्दही फारसीमार्गे आला, पण त्याचे मूळ मंगोल भाषेत आहे, आणि तेथे त्याचा अर्थ 'सोबती' असा होता. तेराव्या शतकात चंगीझखानाच्या भोवती जे वीर स्वेच्छेने गोळा झाले ते त्याचे 'नोकर', म्हणजे साथीदार. सोबत्याचा सेवक होण्याचा हा प्रवास आपल्याला परका वाटू नये. मराठीतील 'गडी' हा खेळातला भिडू आहे, धट्टाकट्टा पुरुष आहे आणि घरचा नोकरही आहे. अरबीत 'गुलाम' म्हणजे मुळात पोरगा. आपल्या हॉटेलांतला 'पोऱ्या' कितीही वयाचा असू शकतो, हे येथे सहज आठवते. या उलट 'वेठ' हा शब्द घरचा आहे. संस्कृत 'विष्टि' या शब्दापासून प्राकृतातून तो आला. फारसी 'बिगार' त्याला पुढे येऊन चिकटला आणि 'वेठबिगार' हा एकाच अर्थाच्या दोन शब्दांचा समास तयार झाला.

एवढ्यावरून मजुरी ही बाहेरून आली आणि वेठ तेवढी आपली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. 'मूल्य' या शब्दापासून आलेला 'मोल' आपलाच आहे, आणि 'मोलकरीण', 'मोलमजुरी' हे शब्द घरोघर आहेत. मोलाने काम करणे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. प्रश्न मोल होते की नव्हते हा नाही. मोलाने येणाऱ्या मर्यादेचा लाभ कोणाला मिळत होता, हा आहे.

धर्मशास्त्र व अर्थशास्त्र यांत याविषयी जे विवेचन आहे ते युरोपीय ग्रंथकारांच्या तुलनेने अधिक बारीक आहे, आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे आहे. नारदस्मृती सेवा करणाऱ्यांचे पाच वर्ग सांगते. शिष्य, अंतेवासी म्हणजे शिकाऊ कारागीर, भृतक म्हणजे वेतनावर राबणारा, आणि कामावर देखरेख करणारा, हे चार 'कर्मकर'. पाचवा वर्ग दासांचा, आणि त्यांचे पंधरा प्रकार. पण या चार व एक यांतील सीमारेषा कशावर काढली आहे? करारावर नव्हे, मुदतीवरही नव्हे. काम शुभ की अशुभ, यावर. झाडलोट, उष्टे, मलमूत्र ही अशुभ कामे दासांची. शुभ कामे कर्मकरांची. म्हणजे मनुष्य स्वतंत्र आहे की नाही हे त्याच्या हाताला काय लागते यावरून ठरते. मनूने ब्राह्मणाला सेवावृत्ती वर्ज्य सांगताना तिला कुत्र्याची वृत्ती म्हटले. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' या आपल्या म्हणीत त्याचाच सौम्य प्रतिध्वनी आहे. पाली सिगालोवादसुत्तात दास व कर्मकर एकाच समासात जोडलेले आहेत. धन्याने त्या दोघांना शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा आणि वेळोवेळी सुटी द्यावी, असे सांगितले आहे. भेद पुसला गेला, पण तो धन्याच्या कर्तव्याच्या अंगाने.

मीमांसकांचा विचार याहून सूक्ष्म आहे. यज्ञात ऋत्विज राबतात, फल मात्र यजमानाला मिळते. असे का? जैमिनीय मीमांसेचे उत्तर असे की, दक्षिणा देऊन यजमानाने ऋत्विजांना विकत घेतलेले असते. दक्षिणा हे दान नव्हे, ते कामाचे मोल होय. लॉकच्या चाकराने कापलेल्या हिरवळीचे हे शास्त्रोक्त पूर्वरूप म्हणता येईल. पण मीमांसकांनी याच्या पलीकडचीही एक स्थिती पाहिली होती. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात सर्वच ऋत्विज स्वतः यजमान असतात, फल सर्वांना मिळते, आणि म्हणून तेथे दक्षिणाच नसते. (कर्मफलाचा त्याग शिकविणाऱ्या आपल्या आधुनिक भाष्यकारांना येथे एक विनंती करावीशी वाटते. फलाची आसक्ती कर्त्याने आपण होऊन सोडणे वेगळे, आणि ते फल दुसऱ्याने नेणे वेगळे. गिरणीच्या फाटकावर निष्काम कर्म शिकविताना हा भेद हटकून विसरला जातो.)

आणखी एक स्थळ विशेष मनन करण्याजोगे आहे. विश्वजित् यज्ञात सर्वस्व द्यावयाचे असते. मग घरी सेवा करणारा शूद्रही द्यावा काय? मीमांसेचे उत्तर 'नाही' असे आहे, कारण तो धर्म म्हणून सेवा करीत आहे, तो कोणाची मालमत्ता नव्हे. पहिल्या वाचनात हे उत्तर उदार वाटते, आणि काही अंशी ते आहेही. परंतु जो मालमत्ता नाही आणि मोलाने आलेलाही नाही, त्याच्या सेवेला मुदत कोणती? विकत घेतलेला दास पैसे भरून सुटू शकतो, मोलकरी मुदत भरून सुटतो. धर्म म्हणून सेवा करणाऱ्याला सुटण्याची वाट शास्त्राने कोठेच काढून ठेवलेली नाही.

महारकीच्या वतनात याच स्थितीला कायद्याचे रूप आले. 'वतन' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'मायभूमी'. आपल्याकडे तो वंशपरंपरागत हक्काचा व त्याबरोबर येणाऱ्या कामाचा वाचक झाला. इनाम जमिनीचा तुकडा व बलुते यांच्या बदल्यात महाराने गावचा सारा खजिन्यापर्यंत पोचवावयाचा, निरोप न्यावयाचे, शिवेची साक्ष द्यावयाची, अंमलदाराच्या दिमतीला उभे राहावयाचे आणि मेलेली जनावरे ओढावयाची. कौटिल्याने गहाण पडलेल्या दासाविषयी एक नियम केला आहे: त्याला प्रेत, विष्ठा, मूत्र वा उष्टे उचलावयास लावल्यास धन्याचे गुंतलेले मूल्यच बुडते. गहाण माणसाला जे संरक्षण अर्थशास्त्राने दिले ते गावच्या 'हक्कदार' वतनदाराला नव्हते, हे नीट ध्यानात घेतले म्हणजे 'हक्क' या शब्दाची किंमत कळते. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही व्यवस्था नोंदली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. सेवा नको असेल त्याने पूर्ण सारा भरून जमीन राखावी व सेवेतून मोकळे व्हावे, आणि बलुत्याच्या जागी रोख रक्कम यावी, असा त्याचा आशय होता. ते संमत झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा आहे.

येथे 'राजीनामा' या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. फारसीत व उर्दूत त्याचा अर्थ राजी असल्याचा लेख, म्हणजे संमतिपत्र. मराठीत काम सोडण्याच्या लेखाला आपण हाच शब्द योजतो. संमतीचा कागद निघून जाण्याचा कागद झाला, आणि या अर्थांतरात माझ्या मते मोठे शहाणपण आहे. कारण सोडता येते तेथेच संमतीला अर्थ असतो. त्या दृष्टीने १९२८ च्या विधेयकाचे सार एका वाक्यात सांगता येते: वतनाला राजीनामा नव्हता, तो हवा होता.

हे पाहिल्यावर 'पगारी गुलामगिरी'चा सिद्धान्त मराठी मुलखात जसाच्या तसा का लागू पडत नाही ते स्पष्ट होईल. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ च्या १ जानेवारीस सुरू झाली. गावातून आलेल्या मनुष्याला तेथे पहिल्यांदा असे काम मिळाले की, ज्याला भोंगा होता. तो वाजला की सुटका होती, आणि हातात बलुत्याचे सूप नव्हे तर मोजलेली नाणी पडत होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचन करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्याच अमेरिकेत १८३८ मध्ये दास्यातून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने स्वतःच्या पहिल्या कमाईचा जो आनंद वर्णिला आहे, तो आपल्याकडील अनेकांनी अनुभवला असला पाहिजे. मजुरीला दास्य म्हणणारा युरोपीय विचारवंत कारागिराच्या स्वातंत्र्याकडून मजुरीकडे आला. आपला पुष्कळसा मजूरवर्ग वेठीकडून मजुरीकडे आला. वाटच वेगळी, म्हणून मुक्कामाचे नावही वेगळे.

तथापि मोलाची ही थोरवी ताणू नये. त्याच १८७७ साली एम्प्रेस मिलमध्ये मजुरीच्या दरावरून संप झाल्याची नोंद भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात पहिल्या संपांपैकी एक म्हणून केली जाते. डग्लसनेही उत्तरायुष्यात मजुरीचे दास्य जुन्या दास्याहून थोडेच सौम्य असू शकते असे म्हटले. आणि गिरणीच्या भिंतींनी जात बाहेर ठेवली नाही. मुंबईच्या गिरण्यांत धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकामाच्या खात्यात, जेथे पगार अधिक, प्रवेश नसे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे आंबेडकरांनी १९३६ मध्ये म्हटले, त्यामागे हा अनुभव होता. ग्रामीण भागात तर मोलच बेडी होऊ शकते. सालगड्याने वर्षाच्या आरंभी किंवा ऊसतोड्याने हंगामाआधी घेतलेली 'उचल' हे काम करण्यापूर्वीच हाती आलेले मोल असते. ते फिटेपर्यंत राजीनामा नाही. सिसेरोचा मल्लाचा विसार तो हाच. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाला अवजाराचे नाव देणारी भाषा खोटे बोलत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा आगाऊ रकमेवर नेमके बोट ठेवले.

आंबेडकरांचे वैशिष्ट्य मला असे वाटते की, त्यांनी या दोन्ही स्थिती एकाच कसोटीने तपासल्या. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक कलहाचे विधेयक आले तेव्हा, मनुष्याला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय, आणि संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप त्यातूनच झाला. दहा वर्षांपूर्वी वतनदारासाठी त्यांनी जे मागितले होते तेच येथे कामगारासाठी मागितले आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात हा विचार आणखी पुढे गेला. उपासमार समोर असलेल्या मनुष्याला नोकरीसाठी बोलण्याचा, संघटनेचा हक्क सोडावा लागत असेल, तर ते हक्क कागदावर राहतात. राज्याने हात आखडला म्हणजे जे उरते ते जमीनदाराचे खंड वाढविण्याचे व भांडवलदाराचे कामाचे तास वाढविण्याचे स्वातंत्र्य. येथे मार्क्सचे निदान त्यांनी स्वीकारले आहे, पण कसोटी वेळेच्या मालकीची नाही, नकाराच्या सामर्थ्याची आहे.

या निवेदनातील उपायाशी मात्र मला पूर्णपणे सहमत होता येत नाही. महत्त्वाचे उद्योग व शेतजमीन राज्याकडे गेली म्हणजे खाजगी मालकाची हुकमत संपेल, असे ते गृहीत धरतात. राज्य स्वतः मालक झाल्यावर शब्दांचे काय करील, याचा विचार तेथे नाही. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठीला बंदी केली. त्याच्या इंग्रजी पाठात 'बेगार' हा आपला शब्द तसाच ठेवावा लागला, हे लक्षणीय आहे. १९८२ मध्ये एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेले काम याच अनुच्छेदाखालचे सक्तीचे काम ठरविले. सक्ती केवळ दंडुक्याची नसते, गरजेचीही असते, हे तत्त्व तेथे मान्य झाले. पण वेतनच नाही असे म्हटले तर? एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली. तीत काम करणारी स्त्री 'कामगार' नाही, 'सेविका' आहे. तिला मिळते ते 'वेतन' नाही, 'मानधन' आहे. मान आणि धन या दोन चांगल्या शब्दांच्या समासाने दोन्ही वजा कसे होतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. अशा सेविका राज्याच्या नागरी पदावर नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. २०२२ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू केला आणि मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच असल्याचे मानले. भाषेच्या अभ्यासकाला एवढ्या स्पष्ट अर्थनिर्णयाचे कौतुक वाटते. विश्वजित् यज्ञातील तो सेवक येथे पुन्हा भेटतो: मालमत्ता नाही, मोलकरीही नाही, धर्म म्हणून सेवेत. महाराष्ट्रात २००० पासून शाळांत 'शिक्षणसेवक' आले. महाविद्यालयांत 'तासिका तत्त्वावर' शिकविणारे आपले तरुण सहकारी तर या पत्रिकेच्या वाचकांना रोजच भेटतात. त्यांचा तास मोजला जातो; त्या तासाच्या तयारीला आपल्या परिपत्रकांत शब्द नाही.

मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवांचा कायदा लागू केला आणि विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती दिली. मोल मागताना जी सेवा मानसेवी होती ती संपाच्या वेळी अत्यावश्यक ठरली. १९३८ चा वादविषय ऐंशी वर्षांनी जसाच्या तसा परतला. अशा प्रसंगी वृत्तपत्रांत एक वाक्प्रचार हटकून येतो: संपकऱ्यांनी जनतेला 'वेठीस धरले'. वेठीस धरणे म्हणजे अंमलदाराच्या शिपायाने वाटेवरच्या मनुष्याला पकडून त्याच्या डोक्यावर फुकट ओझे देणे. जे धरले जात होते त्यांच्याच वंशजांनी काम नाकारले असता धरणारे तेच ठरतात. अर्थाने इतके उलटे वळण घेतल्याचे दुसरे उदाहरण मला 'राजीनामा' वगळता चटकन आठवत नाही. आणि त्या वळणाची दिशा नेमकी याच्या विरुद्ध आहे.